ध्रुवीय प्राणी आणि थंड प्रदेश लहान मुलांना कसे शिकवावेत: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

इग्लूच्या दाराशी पेंग्विन आणि त्याच्या शेजारी ध्रुवीय अस्वल. हे चित्र वर्गाच्या भिंतीवर, वहीच्या कव्हरवर, वाढदिवसाच्या केकवर सर्रास दिसतं. ध्रुवीय अस्वल राहतं उत्तर टोकाकडे आणि पेंग्विन राहतात दक्षिण गोलार्धात, त्यामुळे दोघांची गाठ कधीच पडत नाही. पण हे चित्र एकदा मुलाच्या डोक्यात बसलं की निघता निघत नाही.

शिकवणाऱ्यांची माहिती सहसा चुकीची नसते, क्रम चुकतो. पहिल्याच दिवशी दहा प्राण्यांची कार्डं दाखवली जातात, दुसऱ्या दिवशी कापसाचा पेंग्विन चिकटवून होतो आणि विषय संपतो. मुलाने ना थंडी अनुभवलेली असते, ना हे प्राणी पृथ्वीवर कुठे राहतात ते पाहिलेलं असतं. खालचा क्रम ४ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी आहे. बालवाडीत, अंगणवाडीत, पहिली-दुसरीच्या वर्गात किंवा घरीही तो वापरता येईल. एका बैठकीला वीस-पंचवीस मिनिटं द्या आणि एका दिवशी एकच टप्पा घ्या. घाई केलीत तर सगळी गंमत जाते आणि मागे उरतात फक्त नावं.

## तयारी: आदल्या आठवड्यात

चित्रं निवडा. खरे फोटो घ्या. टोपी-मफलर घातलेले हसरे पेंग्विन बाजूला ठेवा. अस्वल आणि पेंग्विन एकत्र असलेलं प्रत्येक कार्ड, पोस्टर, स्टिकर काढून टाका, कितीही गोड दिसत असलं तरी. इंटरनेटवर हल्ली संगणकाने बनवलेली चित्रं फोटो म्हणून फिरतात. चित्रातले दात, पाय, बोटं नीट बघूनच छापा.

साहित्य गोळा करा. पृथ्वीगोल (सपाट नकाशा चालणार नाही), मोठा टब, चार झिपच्या पिशव्या, पाव किलो डालडा, लोकरीचे दोन मफलर किंवा टोप्या, मेणाचे खडू, जलरंग, ड्रॉपर, विजेरी, सुतळी आणि दोन रंगांच्या टिकल्या.

बर्फाची सोय करा. वाटीत पाणी घालून एकसारखे तुकडे आदल्या रात्रीच गोठवा. शाळेत फ्रीज नसेल तर बर्फाची लादी आणता येईल. मात्र ती पिण्याच्या पाण्याचीच असेल याची खात्री नसते, त्यामुळे मुलांना बर्फ तोंडात घालू देऊ नका.

इशारा: थर्माकोलचे मणी वापरू नका. या वयाची मुलं ते नाकात-कानात घालतात. कोरडा बर्फ, म्हणजे समारंभात धूर काढायला वापरतात तो, वर्गात आणूच नका. त्याचं तापमान उणे ७८ अंशांच्या आसपास असतं आणि हाताची त्वचा क्षणात पोळते. बर्फावर मीठ टाकून तो हातात देणंही धोक्याचं आहे. मिठामुळे बर्फाचं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. म्हणून तर मटका कुल्फीवाला बर्फात खडेमीठ घालतो.

## टप्पा १: आधी थंडी हाताला कळू द्या

आपल्याकडच्या बहुतेक मुलांनी बर्फ पाहिलेला असतो तो फ्रीजमधला, नाहीतर गोळ्याच्या गाडीवरचा. तिथूनच सुरुवात करा. बर्फाचा तुकडा रुमालावर ठेवून प्रत्येकाला हात लावू द्या आणि काय वाटतं ते विचारा. ‘चटका बसला’, ‘बोट झोपलं’ अशी उत्तरं येतील. मुलांचेच शब्द फळ्यावर लिहा, दुरुस्त करू नका.

मग आकडे सांगा, पण दोनच. पाणी शून्य अंशाला गोठतं. अंटार्क्टिकावरच्या व्होस्तोक केंद्रावर १९८३ साली उणे ८९.२ अंश तापमान नोंदवलं गेलं होतं. चार वर्षांच्या मुलाला उणे म्हणजे काय ते कळणार नाही. त्याला ‘आपल्या फ्रीजरपेक्षाही कितीतरी थंड’ एवढं पुरे. साताऱ्याकडच्या मुलांना महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी हिवाळ्यात गोठणारं दव ठाऊक असतं. त्याचा फोटो जरूर दाखवा.

## टप्पा २: लोकर गरम असते का?

हा टप्पा जवळपास सगळेच गाळतात आणि पुढचे सगळे घोटाळे इथूनच सुरू होतात. मुलांना, आणि बऱ्याच मोठ्यांनाही, वाटतं की स्वेटर आपल्याला गरम करतो. तसं वाटत असेल तर अस्वलाची चरबी आणि पेंग्विनची पिसं कधीच नीट कळणार नाहीत.

बर्फाचे दोन सारखे तुकडे घ्या. दोन्ही वेगवेगळ्या छोट्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून तोंड बांधा. एक पिशवी मफलरमध्ये दोन-तीन वेढ्यांत गुंडाळा, दुसरी ताटलीत उघडी ठेवा. आता विचारा, कोणता बर्फ आधी वितळेल? प्रत्येकाला आपल्या अंदाजासमोर एक खडा ठेवायला सांगा. बहुतेक खडे मफलरसमोर पडतील, कारण ‘मफलर गरम असतो ना’. तुम्ही काहीच बोलू नका. चेहऱ्यावरूनही उत्तर कळू देऊ नका.

अर्ध्या तासाने उघडा. ताटलीतला तुकडा पाण्यात तरंगत असेल आणि मफलरमधला बराचसा शाबूत असेल. वर्गात जो गलका होतो तो होऊ द्या. मग शांतपणे सांगा: मफलर गरम नसतो, तो उष्णता अडवतो. इथे त्याने बाहेरची उष्णता बर्फापर्यंत पोचू दिली नाही. लगेच दुसरी बाजू दाखवा. दोन पेल्यांत कोमट पाणी भरा, एक पेला टोपीत ठेवा आणि थोड्या वेळाने बोट बुडवायला सांगा. टोपीने आतली ऊब आत ठेवलेली असते. बर्फवाले लादी भुशात आणि गोणपाटात का ठेवतात, हे मुलं आता आपणहून सांगतात.

इथे होणाऱ्या चुका: तुकडे लहान-मोठे असणं, पिशवी न बांधल्यामुळे मफलर भिजणं, ‘बघू, बघू’ करत दर दोन मिनिटांनी मफलर सोडणं. यातली एक जरी झाली तरी प्रयोग फसतो.

तपासा: ‘स्वेटर काय करतो?’ या प्रश्नाला ‘ऊब आत ठेवतो’ किंवा ‘गरम बाहेर जाऊ देत नाही’ अशा अर्थाचं उत्तर आलं तरच पुढे जा.

## टप्पा ३: पृथ्वीगोलावर दोन टोकं

सपाट नकाशावर अंटार्क्टिका तळाशी पसरलेली पांढरी पट्टी दिसते आणि मुलांना ती जगाची किनार वाटते. म्हणून पृथ्वीगोलच हवा. नसेल तर मोठ्या चेंडूवर खडूने काढून भागवा.

1. आधी आपलं गाव शोधून तिथे बोट ठेवा.
2. वरच्या टोकाला निळी टिकली लावा. इथे मधोमध समुद्र आहे, वर गोठलेला, आणि त्याच्याभोवती जमीन.
3. गोल उलटा धरून खालच्या टोकाला पिवळी टिकली लावा. इथे मधोमध जमीन आहे, तिच्यावर सरासरी दोन किलोमीटर जाडीचा बर्फ, आणि भोवती समुद्र.
4. गोव्यापासून सरळ खाली, हिंदी महासागरावरून अंटार्क्टिकापर्यंत सुतळी ताणा.

सुतळी गोव्यापासून ताणायला खरं कारण आहे. पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम १९८१च्या डिसेंबरात गोव्याहून निघाली होती. आजही वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून या मोहिमांचं काम चालतं. अंटार्क्टिकावर ‘मैत्री’ हे भारताचं केंद्र १९८९ पासून आणि ‘भारती’ २०१२ पासून आहे. उत्तरेकडे, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, २००८ पासून ‘हिमाद्री’ आहे. आपल्याकडची माणसं तिथे जाऊन राहतात हे ऐकलं की मुलांचे प्रश्न बदलतात. ‘ते जेवतात काय?’, ‘आंघोळ कशी करतात?’ असे प्रश्न आले की समजा, ती जागा आता त्यांना खरी वाटू लागली आहे.

विजेरी दाखवायची तर इथेच. खोलीत अंधार करा, गोल थोडा कलता धरा आणि फिरवा. एक टोक उजेडातच राहतं, दुसरं अंधारातच. ‘मैत्री’वर हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही, एवढं सांगून थांबा. अक्षाचा कल, अंश वगैरे पुढच्या इयत्तांसाठी ठेवा.

इशारा: ‘खालची माणसं पडत का नाहीत?’ हा प्रश्न येणारच. हसून सोडून देऊ नका. पृथ्वी सगळ्यांना आपल्याकडे ओढते, त्यामुळे प्रत्येकाला आपल्या पायाखालची बाजू हीच ‘खाली’ वाटते, असं सांगा.

## टप्पा ४: आधी फक्त उत्तर टोक

पुढचे दोन-तीन दिवस फक्त उत्तर. या दिवसांत ‘पेंग्विन’ हा शब्दही काढू नका. एखाद्या मुलाने काढलाच तर ‘त्याची पाळी पुढच्या आठवड्यात’ म्हणून त्याचा फोटो पिवळ्या पाकिटात घालून ठेवा.

मुख्य प्राणी एकच: ध्रुवीय अस्वल. व्हरांड्यात खडूने अडीच मीटर लांबीचं अस्वल काढा आणि मुलांना त्यात आडवं झोपू द्या. किती जणं मावतात ते त्यांनाच मोजू द्या. त्याचा पंजा ३० सेंटीमीटरपर्यंत रुंद असतो. तोही काढा आणि प्रत्येकाला आपला हात त्यात ठेवू द्या. असा पसरट पंजा बर्फावर वजन विभागतो आणि पोहताना वल्ह्यासारखा चालतो. मग ६०० ग्रॅम तांदळाची पुरचुंडी मुलांच्या हातात द्या: अस्वलाचं पिल्लू जन्मतं तेव्हा जेमतेम एवढंच असतं. बर्फातल्या बिळात आई त्याला दूध पाजून वाढवते आणि वसंतात बाहेर आणते.

अस्वलाची कातडी काळी असते हे सांगितल्यावर मुलं थक्क होतात. केसांना स्वतःचा रंग नसतो, प्रकाश विखुरल्यामुळे ते पांढरे दिसतात. फोटोत काळं नाक दाखवलंत की मुलांचा लगेच विश्वास बसतो.

अस्वल सील खातं. हे लपवू नका आणि रंगवूनही सांगू नका. ‘सील हे त्याचं अन्न. समुद्रावरच्या बर्फावर बसून ते सीलची वाट पाहतं’, एवढं पुरे.

उरलेले प्राणी थोडक्यात उरका: सुळेवाला वॉलरस, हिवाळ्यात पांढरा आणि उन्हाळ्यात तपकिरी होणारा ध्रुवीय कोल्हा, रेनडिअर. यातले दोन घेतले तरी भरपूर.

## टप्पा ५: चरबीचा हातमोजा

हा प्रयोग सगळेच करतात आणि तो घाईघाईत फसतो.

1. झिपच्या पिशवीत तीन-चार मोठे चमचे डालडा घाला. उन्हाळ्यात तो पातळ होतो, म्हणून आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा.
2. दुसरी पिशवी उलटी करून पहिलीच्या आत घाला आणि दोन्ही तोंडं एकमेकांत बसवून बंद करा. हात आतल्या पिशवीत जातो, डालडा दोन्हींच्या मध्ये राहतो.
3. बाहेरून दाबून डालडा सगळीकडे पसरवा. बोटांच्या टोकांकडे थर हमखास पातळ राहतो, तिथे नीट बघा.
4. उरलेल्या दोन पिशव्यांचा असाच हातमोजा करा, पण डालडा न घालता.
5. टबात पाणी आणि बर्फ घाला. मूल दोन्ही हातांत एकेक मोजा घालून दोन्ही हात एकदमच पाण्यात बुडवेल.

रिकाम्या पिशव्यांचा मोजा का लागतो? डालड्याच्या हाताची तुलना उघड्या हाताशी केली तर उघडा हात भिजतो, आणि फरक चरबीचा की प्लास्टिकचा हे कळतच नाही. चौथी पायरी बहुतेक जण सोडतात. ती सोडू नका.

इशारा: हात अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ पाण्यात नको. मूल ‘नको’ म्हणालं तर आग्रह करू नका. आधी स्वतः हात घालून मोजे गळत नाहीत ना ते बघा.

तपासा: ‘डालड्याने हात गरम केला’ असं उत्तर आलं तर दुसऱ्या टप्प्यातला मफलर पुन्हा आणा. हात आधीच गरम होता, चरबीने ती ऊब आत ठेवली. वॉलरसच्या आणि ध्रुवीय अस्वलाच्या कातडीखाली चरबीचा थर १० सेंटीमीटरपर्यंत जाड असू शकतो. तेवढं अंतर पट्टीवर दाखवा.

## टप्पा ६: आता पेंग्विन

पिवळं पाकीट उघडा. गोल पुन्हा उलटा करा, सुतळीचं टोक दाखवा.

इथे एम्परर पेंग्विन घ्या. उंची साधारण ११५ सेंटीमीटर, म्हणजे पहिलीतल्या मुलाएवढा. भिंतीवर खूण करा आणि मुलांना पाठ टेकून उभं करा. आई अंडं घालून समुद्रात खायला जाते. बाबा ते अंडं पायांवर ठेवून, पोटाच्या घडीखाली झाकून, सुमारे ६५ दिवस उभा राहतो आणि तेवढ्या दिवसांत काहीच खात नाही.

मग खेळ घ्या. मोज्यात दोन मुठी तांदूळ भरून गाठ मारा. हे झालं अंडं. अनवाणी पायांवर ते ठेवून मुलं हळूहळू चालतील. नंतर सगळे दाटीवाटीने उभे राहतील आणि कडेचे आत, आतले कडेला असे सरकतील. खरे पेंग्विन अशीच दाटी करून वारा चुकवतात. एक मिनिट झालं की मधल्या मुलांना घाम येऊ लागतो. त्यांनाच विचारा, ऊब कुठून आली?

चूक: या खेळाची शर्यत करणं. शर्यत लावली की अंडं विसरलं जातं आणि मुलं घसरून पडतात. इथे सावकाश चालणंच शिकायचं आहे.

पिसांसाठी कागदाचे पेंग्विन कापा. एका बाजूला मेणाचा खडू दाबून फिरवा, दुसरी बाजू जलरंगाने रंगवून वाळू द्या. ड्रॉपरने पाणी टाका. मेणावरून थेंब ओघळतो, दुसरीकडे कागद पाणी पितो. पेंग्विन चोचीने शेपटीजवळचं तेल पिसांना लावतो ते याचसाठी.

कापसाचा पेंग्विन करायचाच असेल तर शेवटी करा. कापसाच्या बर्फापासून मुलं एवढंच शिकतात की बर्फ मऊ आणि उबदार असतो.

## टप्पा ७: दोन पेट्या

सगळं झाल्यावरच दोन्ही टोकं एकत्र आणा. निळ्या आणि पिवळ्या टिकलीच्या दोन पेट्या ठेवा आणि मुलांना फोटो टाकू द्या. सील आणि व्हेल दोन्हीकडे सापडतात, त्यांचे दोन-दोन फोटो ठेवा. आर्क्टिक टर्न हा पक्षी दर वर्षी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो आणि परत येतो. त्याचा फोटो दोन्ही पेट्यांच्या मध्ये ठेवायची कल्पना बहुधा एखादं मूलच काढेल.

माणसांचे फोटोही ठेवा. उत्तरेकडे इन्युइट आणि सामी लोक पिढ्यान् पिढ्या राहतात. घरात राहतात, मुलं शाळेत जातात, स्नोमोबाइलवरून फिरतात. बर्फाचा इग्लू हा शिकारीच्या वाटेवरचा तात्पुरता निवारा. अंटार्क्टिकावर मूळ रहिवासी कोणीच नाहीत, संशोधक आणि त्यांचे मदतनीस येऊन-जाऊन राहतात. म्हणजे इग्लू पिवळ्या पेटीत जाणार नाही. सुरुवातीच्या त्या चित्रातली आणखी एक चूक मुलं इथे स्वतः पकडतात.

तपासा: ‘अस्वल पेंग्विनला का खात नाही?’ असं विचारा आणि उत्तर बोटाने गोलावर दाखवायला सांगा.

बर्फ वितळतोय का, असं मुलाने विचारलं तर खरं सांगा: हो, समुद्रावरचा बर्फ कमी होतोय आणि त्यामुळे अस्वलांना शिकार करणं अवघड जातंय, मोठी माणसं त्यावर काम करत आहेत. उपाशी अस्वलांचे व्हिडिओ या वयात दाखवू नका. मुलं घाबरतात आणि ‘माझ्यामुळे झालं का?’ असं मनाला लावून घेतात.

## राणीच्या बागेत जाणार असाल तर

भायखळ्याच्या राणीच्या बागेतले पेंग्विन पाहायला २०१७ पासून गर्दी होते. सहल काढा, पण वरचे टप्पे झाल्यावर. तिथले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे आहेत. ते पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. बर्फात राहणारे नाहीत. चोचीच्या मुळाशी त्यांची गुलाबी उघडी कातडी दिसते. अंगातली जास्तीची उष्णता तिथून बाहेर पडते. जाण्याआधी गोलावर तिसऱ्या रंगाची टिकली दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लावा आणि मुलांना एक काम द्या: गुलाबी कातडी शोधायची. नाहीतर ‘पेंग्विन म्हणजे बर्फ’ हे समीकरण आणखी पक्कं करून मुलं घरी येतात.

## महिन्याभराने पुन्हा

दोन टोकांची चित्रं मनाने काढायला सांगा, काही न सुचवता. अस्वल आणि पेंग्विन एकाच बर्फावर आले तर तिसऱ्या टप्प्याकडे परत जा, गोल आणि टिकल्या बाहेर काढा. पेंग्विनला स्वेटर घातलेला दिसला तर दुसऱ्या टप्प्यातला मफलर पुन्हा गुंडाळा. अंटार्क्टिकावर इग्लू आला तर फक्त पेट्यांचा खेळ परत घ्या. पूर्ण विषय नव्याने शिकवायची गरज सहसा पडत नाही.